रोटाच्या पाच मुठी

रोटाचे गहू काढायच्या दिवशी घरात वाद नको, असं कुंदाबाई दरवर्षी बजावायच्या आणि दरवर्षी नेमका त्याच दिवशी वाद व्हायचा. एका वर्षी तो पुरणात गूळ किती यावरून झाला, एका वर्षी जावयाच्या टोपीवरून. ते वाद बरे होते. दोन तास तोंडं फुगायची आणि संध्याकाळी सगळी एका ताटात जेवायची. यंदा वाद नव्हता, भीती होती, आणि भीतीला दटावून गप्प बसवणं कुंदाबाईंनाही जमत नव्हतं.

स्वप्नीलचा फोन येऊन बारा दिवस झाले होते.

त्याची आई दिपमाला सकाळच्या गाडीने नवऱ्याबरोबर जळगावहून धरणगावला आणि तिथून रिक्षाने गावात आली, ती हातात फोन धरूनच. स्वप्नील नौदलात, युद्धनौकेवर. बोट समुद्रात गेली की पोरांचे फोन बंद होतात हे ती चार वर्षांत शिकली होती. पण आधीच्या वेळी टीव्हीवर लढाईच्या बातम्या नव्हत्या. शुक्रवारी कॉलनीतल्या ग्रुपवर व्हिडिओ आला. काळ्या पाण्यात एक जहाज जळतंय आणि खाली लिहिलंय, शत्रूच्या पाणबुडीने आपली युद्धनौका बुडवली. तासाभरात सरकारने सांगितलं की हे साफ खोटं आहे, चित्र दुसऱ्याच देशातलं आहे. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, दिपमालाने नाही. खोटं असेल तर माझ्या लेकाने एक मेसेज का केला नाही, एवढंच ती विचारत राहिली.

दुसऱ्या घरात अशी बातमी खोटी ठरली की विसरली जाते. या घरात नाही. या घरातला एक माणूस असाच गेला होता. अभिमन, कुंदाबाईंचा पहिला नवरा, एकाहत्तरच्या लढाईत. रात्री पाणबुडीने टॉर्पेडो सोडला आणि बोट माणसांसकट खाली गेली. तार आली ती 'बेपत्ता' म्हणून. त्या बोटीचं नाव आजही घरात कोणी तोंडातून काढत नसे. तेव्हा कुंदाबाई अठरा वर्षांच्या होत्या आणि योगेंद्र, म्हणजे स्वप्नीलचे वडील, पोटात. पुढे तीन वर्षांनी धाकट्या दिराशी, रुपचंदशी, त्यांचा पाट लागला. बेबाबाई ही त्या संसारातली मुलगी.

"आई, मला एक बोलायचंय," दिपमाला म्हणाली. कुंदाबाई सूप पुसत होत्या. "उद्या कानबाई बसेल. आज तुम्ही मुठी टाकाल. यंदा त्यांच्या नावाच्या नका टाकू."

कुंदाबाईंचा हात थांबला. कोणाच्या, हे विचारायची गरज नव्हती.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने पाच मुठी गहू सुपात पडतात. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत नावं घ्यायची, ओठातल्या ओठात, दुसऱ्याला ऐकू जाऊ द्यायची नाहीत. त्या गव्हाचे प्रसादाचे रोट घरच्या माणसांनीच खायचे, एक दाणा बाहेर जाता कामा नये. सूप एकदा झाकलं की वर आणखी मूठ टाकायची नाही. मेलेल्या माणसाच्या मुठी कोणी टाकत नाही. पण तारेत 'मेला' असं लिहिलं नव्हतं, तेव्हा कुंदाबाई त्रेपन्न वर्षं पहिल्या पाच मुठी अभिमनच्या नावाने टाकत आल्या होत्या.

"माझा पोरगा त्याच पाण्यात आहे," दिपमालाचा आवाज चढला. "पाणबुड्यांचा आवाज ऐकायचं काम करतो तो. बुडालेल्या माणसाचे गहू आणि माझ्या लेकाचे गहू एका सुपात नकोत. मला भीती वाटते, आई."

"वहिनी खरं बोली ऱ्हायनी, माय," बेबाबाई म्हणाली. तिने आजवर भावजयीची बाजू कधी घेतली नव्हती, म्हणून स्वतःच चपापून तिने पुढचं हळू आवाजात विचारलं. "आते किती दिन? तो मानूस काय वापस येवाव शे?"

कुंदाबाई सूप उचलून देवाच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. बाहेर दोघींना फक्त गहू पडल्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, सुपावर धुतलेलं फडकं टाकून ते मधल्या घरात पाटावर ठेवलं आणि कोणाकडे न बघता आंघोळीला गेल्या.

म्हणजे टाकल्याच, दिपमालाला वाटलं. इतकी गयावया केली तरी टाकल्या.

बेबाबाई पुरणाची डाळ निवडायला मागे गेली. दिपमाला परसात जाऊन तोंडावर पाणी मारून आली, तेव्हा मधल्या घरात ती आणि सूप, दोघंच उरली होती. तिने फडकं उचललं. त्यात काही वेगळं नव्हतं, रोजचाच गहू. वरचे कोणाचे, खालचे कोणाचे हे तिच्या मनातही आलं नाही, पाच मुठी गेल्या की ते नाव गेलं. तिने वरूनच हात घातला आणि मुठी मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पदरात गहू घेऊन ती मागच्या दाराने गोठ्यात गेली आणि तिने ते गव्हाणीत रिकामे केले. गाईच्या मुखी गेलं म्हणजे पाप नाही, एवढा विचार तिने केला होता. गाय शांतपणे खात होती. दिपमालाला बारा दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं.

*

पुढच्या ओट्यावर रुपचंदनाना आणि योगेंद्र सकाळपासून केळीच्या खांबांशी झटत होते. कानबाईच्या चौरंगाला चार खांब लागतात आणि नानांना ते ओळंब्यात सरळ हवे असतात. घरात काय चाललंय याची दोघांनाही कल्पना होती, म्हणूनच दोघं घरात जात नव्हते. बायकांच्या भांडणात पुरुष ओट्यावरच बरा, असं नानांचं मत होतं, आणि त्या मतावर त्यांचा पन्नास वर्षांचा संसार ठीक चालला होता.

"नाना," योगेंद्रने सुतळी ओढत विचारलं, "बोट बुडाले कितला येळ लागस?"

जळगावात कॉलेजच्या ऑफिसात तो साहेबी मराठी बोलायचा. ओट्यावर बसला की घरचीच बोली तोंडात यायची.

"कसाले विचारस?"

"आसंच."

नानांनी खांब सोडला. असंच म्हणून विचारलेलं असंच नसतं, हे त्र्याहत्तर वर्षांच्या नानांना ओळखता येत होतं. "दोन मिन्टं," ते म्हणाले. "तुन्हा बापनी बोट दोन मिन्टमा गई."

"तुम्हले कोनी सांगं?"

"एक जन उन्हता. वाचेल मानूस. त्याहत्तर साले, धरणगावना स्टँडवर भेटना माले. घर येवाले तयार नव्हता, तुन्ही मायनं तोंड दखाले भ्याव वाटस म्हने." नाना बोटांना चिकटलेला केळीचा चीक पुसत राहिले. "तुन्हा बाप खाले इंजिनमा व्हता. जिना एकच. पानी तठूनच उनं. खालना एक बी मानूस वर उना नही."

योगेंद्रने आयुष्यभर बापाचा एकच फोटो पाहिला होता, पांढऱ्या टोपीतला. त्या फोटोला आज पहिल्यांदा जिना आणि पाणी मिळालं. त्याने हातातली सुतळी उगाच बोटाला गुंडाळली. भीती बापासाठी की पोरासाठी, ते त्याचं त्यालाही कळेना.

"मायले सांगं नही तुम्ही?"

"नही."

"पन्नास वरीसमा एक डाव बी नही?"

"तिनी विचारं नही." नानांनी सुतळीची गाठ आवळली. "पाटना आधी तिनी माले एकच गोट सांगेल व्हती. रोटमा त्यासन्या मुठी ऱ्हातीन, पहिल्या. चालस का? मी म्हनं, चालस. मंग आते काय सांगू?"

"तुम्हले काहीच वाटे नही?"

"पाच मुठी गहू," नाना हसले. "तेवढा ते मी एकटा खाई जास." पण हसू फार वेळ टिकलं नाही. मोठा भाऊ मेलाय हे पक्कं ठाऊक असताना दरवर्षी आपल्या आधी त्याचं नाव पडताना बघायचं. ते वाटायचं. वाटायचं आणि बायकोच्या तोंडाकडे बघून जिरायचंही. हे पोराला कसं सांगणार, म्हणून त्यांनी पुन्हा खांब धरला.

"स्वप्नीलनी बोट दुसरी शे," ते म्हणाले. "नवी शे. तिले आइकू येस बठ्ठं."

"हां," योगेंद्र म्हणाला. दोघांनाही ते पटवून घ्यायचं होतं आणि दोघांनाही जमलं नाही. तेवढ्यात आतून बेबाबाईची हाक ऐकू आली. हाक कसली, किंकाळीच होती.

*

कुंदाबाई ओल्या केसांनी मधल्या घरात आल्या तेव्हा सुपावरचं फडकं वाकडं होतं. त्यांनी ते उचललं. जिने आयुष्यभर सुपात गहू टाकले तिला मोजावं लागत नाही. रास खाली बसली होती.

त्याच वेळी बेबाबाई गोठ्याकडून धावत आली. "माय! गायना तोंडले गहू शे! रोटना गहू गायले कोनी टाकात?"

दिपमाला भिंतीला टेकून उभी होती. तिने काही लपवलं नाही. "मी टाकले. पाचच मुठी. त्यांच्या नावाच्या. मला शिव्या द्या, काय हवं ते करा. माझ्या लेकाच्या बाजूला मी ते नाव राहू देणार नव्हते."

"तुले अक्कल शे का वहिनी?" बेबाबाईने सकाळची बाजू सोडून दिली होती. "रोटना दाना! कानबाईना!"

"थांब," कुंदाबाई म्हणाल्या. त्या सुपाशेजारी खाली बसल्या. "दिपमाला, त्यासन्या मुठी आज मी टाक्याच नहीत."

दिपमालाने भिंतीचा आधार सोडला.

"तू सकाये बोलनी, मी आइकं. देवना खोलीमा मी सूप लई बसनू. पहिलं नाव त्यासनंच तोंडमा उनं. मी ते गिळं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी म्हनं, तुम्ही आते जा. मन्हा पोऱ्या तठे शे, तुम्ही आते जा. आनि यासना नावपासून सुरू करं." यासना म्हणताना त्यांनी दाराकडे मान केली. दारात नाना आणि योगेंद्र येऊन उभे होते.

दिपमालाला कळायला क्षणभर लागला. मग तिच्या डोळ्यांपुढे सूप आलं. अभिमन नाही. म्हणजे तिघंच. नाना, योगेंद्र, स्वप्नील. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत.

ते बेबाबाई बोलून गेली. बोलायला नको होतं, पण तिला कधीच थांबता येत नसे. "म्हंजे वरला गहू स्वप्नीलना. शेवटला तोच पडना व्हई."

दिपमाला गोठ्याकडे धावली. तिने गाईचं तोंड दोन्ही हातांनी धरलं, ओठ फाकवले, आत बोटं घातली. गाय मान हिसडून मागे सरली. हाताला लाळ लागली आणि दोन ओले दाणे. तिने ते मुठीत घट्ट धरले आणि तिथेच शेणात बसून मोठ्याने रडू लागली. "मीच काढला गं. माझ्याच हाताने काढला. आई, मीच काढला त्याला."

बाकीचे मागोमाग आले होते. योगेंद्र बायकोला उठवायला वाकला आणि गव्हाणीला धरून तसाच राहिला. बारा दिवस तो कोणापुढे रडला नव्हता. आता त्याला वाटलं, आपण इथेच रडू.

"रडू नको," नाना म्हणाले. मोठ्याने नाही, मोटरपंपाचं बटण कुठे आहे सांगावं तसं. "वर तो नव्हता."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी सूप पाखडं. ही आंघोळले गई तव्हय. खडा दिसना माले, म्हनीसन पाखडं. खालना गहू वर उनात, वरला खाले गयात." त्यांनी कुंदाबाईंकडे बघितलं. "खाले कोन व्हता?"

"तुम्ही," कुंदाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मंग मन्हाच गहू गयात. गायनी खादात, बरं झायं, पुन्य लागी. औंदा मी रोट खास नही. झायं." आणि ते गाईच्या पाठीवर थाप मारून तिला सावरायला लागले, जसं काही आता तिचाच प्रश्न उरला होता.

कुंदाबाई बघत राहिल्या. पन्नास वर्षांत या माणसाने सूप हातात धरलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पाखडणं बाईचं काम. कोणती बाजू पुढे धरायची हेही यांना माहीत नसणार. आणि खडा? खडा दिसला असता तर यांनी चार घरं ऐकतील अशी हाक मारली असती. खोटं बोलतोय हा माणूस. आज आयुष्यात पहिल्यांदा मी याचं नाव आधी घेतलं आणि याने ते जागच्या जागी देऊन टाकलं.

दिपमालाने ओल्या डोळ्यांनी वर पाहिलं. "खरंच नाना? तुम्ही पाखडलं?"

योगेंद्रने तोंड उघडलं. सकाळपासून नाना ओट्यावरून हलले नव्हते, तो शेजारीच बसला होता. नानांनी गाईच्या पाठीवरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"हो," योगेंद्र म्हणाला. "माझ्यासमोर पाखडलं."

मग त्याला बाहेर जावं लागलं.

दुपारी जेवण कोणाला गेलं नाही. सुपात नव्या मुठी टाकायचा प्रश्न नव्हता, तेव्हा उरलेलेच गहू बेबाबाईने पुसून जात्याजवळ ठेवले. तिने दिपमालाला दोनदा चहा करून दिला आणि स्वतःच्या बोलण्याबद्दल माफी मागितली नाही, कारण ती कधीच मागत नसे. दिपमाला फोन मांडीवर घेऊन बसली होती. नानांनी सांगितलं ते तिने धरून ठेवलं होतं, पण अधूनमधून नानांकडे बघून तिला लाज वाटायची. लेकासाठी सासऱ्यावर संकट ढकललं आपण, आणि आपल्याला बरं वाटतंय.

चारच्या सुमाराला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. तिच्या हातून तो निसटला, बेबाबाईने झेलला, पुन्हा तिच्या कानाला लावला.

"मम्मी? अगं मी. बंदरात आलोय. आत्ताच."

"स्वप्नील..."

"फोन जमा होते आमचे. रडतेस कशाला? सगळे ठीक आहोत. कोणी काय पाठवलं ते बघू नकोस ग्रुपवर. आजी कुठंय? कानबाई उद्या ना? माझे रोट नानांना खायला सांग."

मग घरात एकच गलका झाला. योगेंद्रने फोन ओढून घेतला आणि पोराला काय जेवलास म्हणून विचारत बसला, दुसरं काही सुचेना. बेबाबाई रडली आणि लगेच डाळ करपेल म्हणून ओरडत मागे पळाली. दिपमाला सासूच्या गळ्यात पडली. "आई, तो आहे. आई, तो आहे." कुंदाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनाही हायसं वाटलं, अगदी पोटातून. आणि मग, सुनेच्या खांद्यावरून ओट्याकडे बघताना, त्यांचा हात मध्येच थांबला.

नाना ओट्यावर मोटारसायकलची किल्ली शोधत होते. फोनवर पोराचा आवाज ऐकून त्यांनी टोपी काढून डोळे पुसले होते आणि आता ती पुन्हा घातली होती. कपाशीला पाणी द्यायचं राहिलं होतं, संध्याकाळी लाईट जाणार होती.

कुंदाबाई बाहेर आल्या. किल्ली कोनाड्यात होती. त्यांनी ती उचलली आणि कमरेला खोचली.

"कथा चालनात?"

"वावरमा. मोटर चालू करीसन येस."

"आज नही जावानं."

नाना हसले. घरात सगळे हसत होते, त्यांनाही हसू येत होतं. "काय व्हयनं तुले? किल्ली दे. आते कसानं भ्याव? पोऱ्या ते सुखरूप शे."

कुंदाबाईंनी किल्ली दिली नाही. त्या ओट्याच्या पायरीवर, वाट अडवून, त्यांच्या पायांशी बसल्या आणि सगळ्यांसमोर त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरला.

"म्हनीसनच," त्या म्हणाल्या.